समुद्राच्या पोटातली फुलबाग

दिवाळीची सुटी लागली, की इस्लामपुरातून मालवणकडे गाड्या सुटतात. कोल्हापूर ओलांडायचं, फोंडा घाट नाही तर गगनबावड्याचा करूळ घाट उतरायचा, की दुपारच्या जेवणाला सोलकढीची वाटी समोर! पूर्वी मालवणला जायचं ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि ताजी मासळी खायला. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. परत आल्यावर शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, “मग, स्कूबा केलंत की नाही?”

पाठीवर हवेचं नळकांडं, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी. असा जामानिमा करून समुद्राखाली उतरायचं आणि तिथले मासे, प्रवाळ डोळ्यांनी पाहायचे, जमलं तर त्यांची छायाचित्रं घ्यायची, याचं नाव स्कूबा. यजमान उतरतात, मुलं उतरतात, भाचेपुतणे तर आधीच उड्या मारून मोकळे झालेले असतात. आणि घरातली बाई? ती किनाऱ्यावर. एका हातात यजमानांचा चष्मा अन् पाकीट, दुसऱ्या हातात टॉवेल, पायाशी साऱ्यांच्या चपला. “तुम्ही जाऊन या हो, मी बसते सामान बघत!”

खरं सांगा मैत्रिणींनो, मन नसतं म्हणून का आपण मागे राहतो? नाही. भीती वाटते, संकोच वाटतो आणि ‘आता या वयात कशाला बाई!’ हे वाक्य तर आपल्या तोंडी बसलेलंच असतं. वास्तविक आपल्या वाळवा तालुक्यात पोहणं काही नवं नाही. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत कितीतरी पोरी पोहायला शिकल्या. पण लग्न झालं, संसार सुरू झाला आणि पाण्याशी नातं उरलं ते धुण्याभांड्यापुरतं. म्हणूनच आज या विषयाची नीट माहिती करून घेऊ या. भीती कुठे खरी आहे आणि कुठे उगाच आहे, हे कळलं, की निर्णय आपला आपल्याला घेता येतो.

पाण्याखाली आहे तरी काय?

प्रवाळ म्हटलं, की आपल्याला आठवतं ते अंगठीतलं पोवळं. पण समुद्रातला प्रवाळ म्हणजे दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे! तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे असे हजारो मऊ जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं. हे शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं आणि बदल्यात राहायला सुरक्षित जागा मिळवतं. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच!

गोलसर प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचा गोळा दिसला, तर समजावं, की तो चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आहे. आपल्यापैकी अनेकींच्या लग्नाच्या आधीपासून तो तिथे उभा आहे. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्री जीवांच्या जातींपैकी जवळजवळ पाव हिस्सा त्यांच्या आसऱ्याला असतो. समुद्रातला हा भरलेला वाडाच म्हणा ना!

हा वाडा आपल्या महाराष्ट्रातही आहे. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. मासेमारीवर निर्बंध येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोधही केला. पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा त्यांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. आणखी पुढे, विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत भर समुद्रात ‘अंगरिया बँक’ नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या या पठारावरही प्रवाळांची मोठी वसाहत आहे. पण ते आपल्या सुटीतल्या सहलीचं ठिकाण नव्हे.

मात्र एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. दूरदर्शनसंचावर दिसतं तसं निळंशार, काचेसारखं पाणी मालवणला रोज मिळेलच असं नाही. हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. वारा, लाटा असल्या, की गढूळपणा येतो. पावसाळ्यात हे सारं बंदच असतं. कृष्णेचं आषाढातलं पाणी जिने पाहिलंय तिला याचं कारण सांगायला नको. अगदी स्वच्छ पाणी हवं असेल, तर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, लक्षद्वीप आणि अंदमान आहेत. पण पहिली ओळख घरच्या समुद्राशी व्हावी, हे उत्तम.

“मला तर पोहता येत नाही!”

ही सर्वांत मोठी शंका. स्कूबाचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘चाखून पाहण्याचा’. यात प्रशिक्षक पूर्ण वेळ आपल्याला धरून असतो, खोली थोडीच असते आणि पोहता आलंच पाहिजे असं नसतं. मालवण-तारकर्लीला बहुतेक पर्यटक करतात तो हाच. दुसरा प्रकार रीतसर शिक्षणाचा. त्यात पोहता यावं लागतं, काही दिवस सराव आणि परीक्षा असते आणि मग अठरा मीटरपर्यंत उतरण्याचं प्रमाणपत्र मिळतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. तिथे आधी खोल तरणतलावात सराव करून घेतात. ज्यांना समुद्राची धास्ती वाटते त्यांनी आधी तलावात उतरून पाहावं.

मात्र काहींनी उतरूच नये. गरोदर बाईने तर मुळीच नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या पडद्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा आणि प्रशिक्षकालाही खरं ते सांगायचं. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी थांबावं, कारण चोंदलेल्या नाकामुळे कानातला दाब मोकळा होत नाही. मासिक पाळीची मात्र आडकाठी नाही. बरं वाटत असेल तर खुशाल उतरा.

संकोच कपड्यांचा असतो. पाण्यात उतरताना अंगभर घट्ट बसणारा रबरी पोशाख मिळतो, किंवा लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि पायघोळ विजार चालते. साडी, ओढणी, सैल कुडता मात्र नको. ओला कपडा पायात अडकतो. बांगड्या, नथ, कानातलं उतरवून ठेवा. मंगळसूत्र काढायला मन धजत नाही, हे खरं. पण ते नळीत अडकू शकतं, तुटून वाळूत गेलं तर सापडत नाही आणि चकाकणारी वस्तू एखाद्या मोठ्या माशाला लहान माशाच्या खवल्यासारखी भासू शकते. घरच्या माणसाकडे तासाभरासाठी सांभाळायला द्या. तो इतर वेळी आपल्याकडे सगळं देतोच की!

अंबाडा घालू नका, मुखवट्याचा पट्टा त्यावर बसत नाही. मानेशी सैल वेणी घाला. केसाची एक बट काचेखाली राहिली, तरी तिथून पाणी झिरपतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मुखवटा मिळतो का ते आधी विचारा.

पाण्यातले चार नियम

१. श्वास कधीही कोंडून धरू नका. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. तेव्हा श्वास संथपणे चालू ठेवायचा. हा पहिला आणि शेवटचा नियम. नाक मुखवट्यात बंद असल्यामुळे तोंडाने श्वास घ्यावा लागतो. घरी नाक चिमटीत धरून पाच मिनिटं सराव केला, तर तिथे घाबरगुंडी उडत नाही.

२. कानात दडा बसू लागला, की नाक दाबून हलकेच हवा सोडायची. दुखेपर्यंत थांबायचं नाही. तरीही दुखलं तर खाली जायचं नाही.

३. खुणा पाठ करा. अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘मला वर न्या’ असा होतो! ‘सगळं ठीक’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा.

४. होडीत चढल्या क्षणापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवं आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांना प्राणाला मुकावं लागलं. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असं नाही. होडीत माणसं जास्त कोंबलेली दिसली, जॅकेट कमी पडत असली, तर भीड न धरता उतरून जा. पैसे बुडाले तर बुडाले.

बघायचं कसं?

पहिल्यांदा उतरलेल्या बाईला आधी काहीच दिसत नाही, नुसता हिरवा-निळा पडदा. जत्रेत शिरल्यावर होतं तसंच. म्हणून युक्ती अशी, की सगळीकडे पाहू नये. एकच खडक निवडावा आणि त्याच्यासमोर स्थिर राहून दोन मिनिटं बघत बसावं. तांदूळ निवडताना नजर जशी बसते तशी ती इथेही बसते. मग दगड वाटत होतं ते हलतं. फटीतून शेवंडीच्या मिशा डोकावतात. रंग बदलून बसलेला अष्टपाद डोळे मिचकावतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तर घोळक्याने अंगावरून जातात.

प्रत्येकाचा संसार निराळा. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्याबरोबर चुनाही गिळतो आणि मागे बारीक पांढरी वाळू टाकतो. उष्ण समुद्रातल्या कितीतरी शुभ्र किनाऱ्यांची वाळू अशीच तयार झालेली आहे. सफाई करणारा छोटा मासा एका ठिकाणी दुकान मांडून बसतो. मोठे मासे तिथे येऊन आ वासून उभे राहतात आणि हा त्यांच्या तोंडात शिरून कीड टिपतो. गिऱ्हाईक त्याला खात नाही! अष्टपाद आई अंडी घातल्यावर अन्नपाणी सोडून त्यांची राखण करते आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास प्राण सोडते. याच्या उलट समुद्रघोड्यात गर्भाची पिशवी बापाच्या पोटाशी असते. अंदमान-लक्षद्वीपकडे समुद्रफुलाच्या काटेरी झुपक्यात नारिंगी-पांढरा विदूषक मासा राहतो. त्याच्या घरात कारभार मादीचा. ती मेली, की तिचा नर स्वतःच मादी होतो आणि घर पुढे चालवतो. ऐकावं ते नवलच!

हात मात्र कशालाही लावायचा नाही. पिसाऱ्यासारखे पंख असलेल्या सिंहमाशाचे काटे विषारी असतात. दगडासारखा दिसणारा दगडमासा तर त्याहून वाईट. समुद्रसाप स्वभावाने शांत, पण विष जहाल. काटेरी चेंडूसारख्या जीवावर पाय पडला, तर आठवडाभर चालता येत नाही. विषारी माशाचा काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, त्याने वेदना कमी होतात. आणि मग सरळ डॉक्टरकडे जावं.

छायाचित्रं घ्यायची तर

अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात १९२६ साली लॉंगली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालचं पहिलं रंगीत छायाचित्र घेतलं. उजेडासाठी त्यांनी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवला होता! आज खिशातला मोबाइल किंवा काड्यापेटीहून थोडा मोठा कॅमेरा ते काम करतो. पण पाण्याचे नियम काही बदललेले नाहीत.

पहिला नियम रंगांचा. पाणी उजेडातले रंग एकेक करून गिळतं. लाल रंग आधी जातो, पाचेक मीटरवर कुंकवाचा लाल काळपट दिसू लागतो. मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा-हिरवा. म्हणूनच आपली छायाचित्रं नीळ घातल्यासारखी येतात. यावर उपाय तीन. उथळ पाण्यात, दहा ते दोनच्या दरम्यान, ऊन डोक्यावर असताना छायाचित्रं घ्यावीत. शक्य तेवढं जवळ जावं, विषयापासून एक मीटरच्या आतच. आणि कॅमेऱ्यापुढे लाल काच लावावी किंवा बाजूने विजेरीचा उजेड पाडावा. विजेरी अगदी समोरून धरली, तर पाण्यातले कण चमकतात आणि छायाचित्रात रवा सांडल्यासारखं दिसतं.

दुसरा नियम नजरेचा. वरून खाली घेतलेलं छायाचित्र म्हणजे ताटात ठेवलेला मासा. त्याच्या पातळीवर या, शक्य तर थोडं खालून, वरच्या निळाईकडे पाहत घ्या. माशाचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. पाठलाग करू नका, पळणाऱ्या माशाची फक्त शेपटी मिळते. थांबाल तर तोच कुतूहलाने जवळ येतो.

तिसरा नियम वस्तू सांभाळण्याचा. मोबाइल पाणी सोसतो असं कंपनी म्हणते ते गोड्या पाण्याबद्दल. खाऱ्या पाण्याचं काम वेगळं आहे. प्लास्टिकची पिशवी वापरणार असाल, तर घरी आत कोरडा कागद घालून ती अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. कागद ओला झाला, तर मोबाइल वाचला म्हणायचा! पाण्यात पडद्याला बोट लावून काम होत नाही, बाजूच्या बटणाने छायाचित्र घ्या. कॅमेऱ्याच्या डबीला रबरी कडं असतं, अगदी कुकरच्या रिंगसारखं. त्यावर वाळूचा कण किंवा केस राहिला, की पाणी आत शिरलंच. परत आल्यावर डबी न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग पुसून, सावलीत वाळवून उघडायची.

आणि एक प्रेमाचा सल्ला. पहिल्या खेपेला कॅमेरा हातात घेऊच नका. छायाचित्रं प्रशिक्षक काढून देतो. त्याला एवढंच सांगा, “दादा, माझे चार काढा आणि माशांचे दहा काढा.”

बाग तुडवायची नाही

आता मुख्य गोष्ट. छायाचित्राच्या नादात माणसं प्रवाळावर पाय टेकून उभी राहतात. चाळीस वर्षांचा संसार चाळीस सेकंदात मोडतो! होडीचा नांगर त्यावर टाकला, तरी तेच. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली जातात. पोट पावाने भरलेला मासा शेवाळ खात नाही, मग शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतो. गिऱ्हाईक आपण आहोत. “पाव टाकू नका, नांगर वाळूत टाका, पाय टेकवू नका,” एवढं होडीत बसतानाच सांगितलं, तर ऐकणारे ऐकतात.

प्रवाळाचं संकट एवढंच नाही. समुद्राचं पाणी फार तापलं, की त्याच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि तो पांढराफटक पडतो. फार दिवस तसाच राहिला, तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हा तडाखा सोसला. २०२३ पासून तर जगभरचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडू लागले. ते तापमान आपल्या एकटीच्या हातात नाही, पण लाथ न मारणं नक्कीच आहे.

शोकेसमध्ये ठेवायला प्रवाळाचा तुकडा, वाळवलेला समुद्रघोडा आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून त्यांना संरक्षण दिलं आहे. कुणी विकायला आणलं तरी घेणं गुन्हा आहे. उन्हासाठी मलम चोपडण्यापेक्षा लांब बाह्या बऱ्या, काही मलमांतली रसायनं प्रवाळाला बाधतात.

घाट चढायची घाई नको

आपण घाटावरची माणसं, म्हणून हे खास आपल्यासाठी. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतल्याने रक्तात नायट्रोजन वायू जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. घाईने उंचावर गेलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जातंतू यांना इजा होते. म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास आणि जास्त बुड्यांनंतर अठरा तास विमानप्रवास टाळतात. आपला घाटमाथाही सहाशे-सातशे मीटरच्या आसपास आहे. प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं घालवली, तर फारशी चिंता नाही. पण ज्या रीतसर शिकून खोल उतरतील, त्यांनी त्या रात्री मालवणलाच मुक्काम करावा. तेवढीच आणखी एक सुरमई!

बायकांचं हे काम का?

असं कुणी म्हणालं, तर दोन गोष्टी सांगा. १९७० साली सिल्व्हिया अर्ल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली पाच स्त्रिया व्हर्जिन बेटांजवळ समुद्रतळावरच्या घरात दोन आठवडे राहिल्या आणि तिथल्या जीवांचा अभ्यास करून आल्या. त्या वेळी अर्लबाई तीन मुलांची आई होत्या. आणि दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’ बायका पाठीवर नळकांडंही न घेता, नुसत्या छातीतल्या श्वासावर बुड्या मारून कालवं-शिंपले काढतात. त्यातल्या कित्येकजणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांची ही परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली.

आपल्याला काही विक्रम करायचा नाही. दहा मिनिटं, दोन-चार मीटर पाणी आणि एक जग, जे आपण आजवर फक्त दुसऱ्यांच्या मोबाइलवर पाहिलं. तेव्हा येत्या हिवाळ्यात बेत ठरवाल तेव्हा उतरणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव आधी घाला. प्रकृती तपासून घ्या, प्रशिक्षकाला चार प्रश्न विचारा, जॅकेटचे पट्टे ओढून पाहा. आणि खाली गेल्यावर घाई करू नका. एक खडक निवडा आणि शांतपणे बघत राहा. तो पडदा हळूहळू उघडतो.